उन्हाळी प्रवासातल्या कवितेच्या वहीसाठी पायलट फ्रिक्शन क्लिकर

परदेशातल्या उन्हाळ्यात कविता टेबलापाशी क्वचितच सुरू होते. उत्तरेकडच्या देशांत रात्री दहालाही उजेड असतो, माणसं नदीकाठी, बागेत, ट्रामच्या थांब्यावर रेंगाळतात, आणि सुचलेली ओळ उभ्याउभ्याच टिपावी लागते. अशा वेळी पायलट कंपनीच्या फ्रिक्शन क्लिकरसारख्या, खोडून पुन्हा लिहिता येणाऱ्या पेनाचा मोह पडतो.

लिहायला फ्रिक्शन खरोखर सुखद आहे. खिशातल्या वहीला ०.५ मिलिमीटरचं टोक घ्यावं, ०.७ ची शाई जास्त ओली राहते. घामट हात ओळीवरून गेला की डाग पडतो, गुळगुळीत कागदावर तर नक्कीच. मागच्या टोकाचं कडक रबर हलकेच घासलं की अक्षर जातं, चुरा पडत नाही. ओळ कुठे तोडायची याचे चार प्रयोग एकाच जागी करून बघता येतात.

पण अक्षर जातं ते घासण्यातून निर्माण झालेल्या उष्णतेने. शाईच्या सूक्ष्म कणांत रंगद्रव्य, रंग उमटवणारा घटक आणि तापमानानुसार या दोघांना जोडणारा-तोडणारा तिसरा घटक असतो. सुमारे ६० अंश सेल्सिअसला जोडी तुटते आणि रंग नाहीसा होतो. उन्हात उभ्या बंद गाडीचा डॅशबोर्ड एवढा सहज तापतो. वही तिथे राहिली तर पानंच्या पानं कोरी होतात. गरम किटलीखाली वही ठेवली तरी तेच.

गेलेला मजकूर बहुधा परत आणता येतो. उणे १० च्या आसपास रंग उमटू लागतो, पूर्ण यायला उणे २० लागतात. वही हवाबंद पिशवीत घालावी, हवा दाबून काढावी आणि रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवावी. घरगुती फ्रीजर साधारण उणे १८ चा असतो, त्यामुळे अक्षर थोडं फिकं येऊ शकतं. बाहेर काढल्यावर वही खोलीच्या तापमानाला येईपर्यंत पिशवी उघडू नये, नाहीतर बाष्प कागदावर जमून पानं चिकटतात.

कवीची खरी अडचण इथून पुढे आहे. थंडीमुळे, राखलेल्या ओळींबरोबर खोडलेल्याही उगवतात, एकमेकींवर चढून, आणि शेवटचा पाठ कोणता हे कळत नाही. म्हणून दर संध्याकाळी पानांचे फोटो काढावेत.

माझं मत स्पष्ट आहे: हे पेन मुक्कामाच्या खोलीतल्या खर्ड्यासाठी उत्तम, रस्त्यावरच्या टिपणांसाठी अयोग्य. बाजारातल्या पाटीवरचा मजकूर, शेजारच्या बाकावरचं संभाषण, गवत कापायच्या यंत्राचा आवाज ज्या शब्दांत पकडला ते शब्द एकदाच मिळतात. त्यासाठी एचबी किंवा २बी पेन्सिल. ग्रॅफाइटला गाडीतल्या उन्हाची किंवा पावसाची बाधा होत नाही, आणि रद्द केलेला शब्द रेघेखाली वाचता येतो. कितीदा तोच पहिला शब्द बरोबर ठरतो!

विमानतळावरचे फॉर्म, सही, पोस्टकार्डाचा पत्ता यांसाठी साधं बॉलपेन वेगळं ठेवा. महत्त्वाच्या कागदपत्रांवर ही शाई वापरू नये, असं कंपनी स्वतःच सांगते. रिफिल साध्या जेलपेनापेक्षा लवकर संपतं, तेव्हा लांबच्या मुक्कामाला त्याच टोकाची दोन जास्तीची सोबत न्यावीत.