‘ऑइल काळं पडलंय साहेब’

इंजिन ऑइलची पातळी मोजायची पट्टी, म्हणजे डिपस्टिक, बाहेर काढायची, ऑइलचा थेंब दोन बोटांत चोळून दाखवायचा आणि म्हणायचं, "बघा साहेब, पार काळं पडलंय. असंच चालवलं तर इंजिन सीज होईल." नाशिकमधल्या एका मल्टिब्रँड गॅरेजने एवढ्या भांडवलावर दोन-अडीच वर्षं माझ्याकडून पैसे काढले. दुसरं कुणी सापडू नये म्हणून हे लिहितोय.

गाडी १.२ लिटरची पेट्रोल हॅचबॅक. वॉरंटी संपल्यावर कंपनीच्या सर्व्हिस सेंटरची बिलं जड जायला लागली, म्हणून इकडे वळलो. मालक बोलायला गोड. "दहा हजार किलोमीटरनी ऑइल बदला म्हणणाऱ्या कंपनीला तुमची गाडी लवकर मोडीत जायला हवीच आहे. इंजिन टिकवायचं ना? मग दर तीन हजारांनी या." कार्ब्युरेटर आणि मिनरल ऑइलच्या जमान्यात तीन-पाच हजारांचा हिशेब बरोबर होता, त्यामुळे घरातल्या वडीलधाऱ्यांनीही मान डोलावली. आजच्या बहुतेक पेट्रोल गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये मात्र १०,००० किमी किंवा एक वर्ष, यातलं जे आधी येईल ते, असंच छापलेलं असतं. दर खेपेच्या बिलात चार लिटर सिंथेटिक ऑइल, ऑइल फिल्टर आणि ‘इंजिन फ्लश’ (इंजिनमधला गाळ धुवायचं द्रव) ठरलेलं.

मग सकाळी गाडी चालू केली की इंजिनमधून काही क्षण खडखड यायला लागली. मालक म्हणाला टॅपेटचा, म्हणजे व्हॉल्व्ह हलवणाऱ्या भागाचा, आवाज आहे, अन् आणखी एक फ्लश लावला. फरक शून्य.

दिवाळीत सासरी कराडला गेलो, तेव्हा मेव्हण्याने त्याच्या ओळखीच्या मिस्त्रींकडे नेलं. त्यांनी ऑइल भरायचं झाकण उघडून आत टॉर्च मारला. कॅमशाफ्टभोवती (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याभोवती) डांबरासारखा थर. मग गाडी रॅम्पवर घेऊन खालून हाक मारली, "पाव्हणं, ह्यो फिल्टर कधी बदलला म्हणालासा?" फिल्टरवर मार्करने ४०,२०० लिहिलेलं होतं. हा आकडा कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधल्या पोराने टाकलेला. मीटर ६८ हजारांच्या पुढे गेलं होतं. जुनं ऑइल काढायच्या ड्रेन प्लगवरचा मळसुद्धा हललेला नव्हता. म्हणजे दर तीन हजारांनी बदला म्हणून मागे लागणाऱ्या माणसाने एकदाही ऑइल बदललं नव्हतं! पातळी उतरली की ड्रममधलं सुटं ऑइल वरून ओतत असणार, असा मिस्त्रींचा अंदाज.

आता त्या काळेपणाबद्दल. ऑइलमध्ये डिटर्जंट असतात. जळणातून आलेली काजळी ते धरून ठेवतात, म्हणून चांगलं ऑइलही वापरात काळं पडतं. डिझेल गाडीत तर बदलल्या बदलल्या. तेव्हा नुसत्या रंगावरून ऑइल निकामी झालं असं कुणी सांगत असेल, तर लगेच विश्वास ठेवू नका. ऑइल निकामी होतं ते वेगळ्या कारणाने: उष्णतेने, आणि पिस्टनच्या फटीतून उतरणाऱ्या वायूंमुळे, पेट्रोलमुळे, पाण्याच्या वाफेमुळे. डिटर्जंट खर्ची पडले की काजळी गाळ होऊन बसते. फिल्टर तुंबला की ऑइलला फिल्टर टाळून जाऊ देणारा बायपास व्हॉल्व्ह उघडतो आणि न गाळलेलं ऑइल बेअरिंगपर्यंत फिरतं. माझ्या इंजिनात टायमिंग चेन (व्हॉल्व्ह आणि पिस्टनचा मेळ राखणारी साखळी) ताणून धरणारा टेन्शनर ऑइलच्या दाबावर चालतो. त्याच्या बारीक वाटा चोंदल्या, चेन सैल राहिली, खडखड तिची होती. चेन किट आणि मजुरीला १७ हजार गेले. त्यात ऑइल पंपाची जाळी साफ करणंही आलं. दोन-तीन लाख किलोमीटर निघणाऱ्या इंजिनांत वेगळी जादू नसते, या वाटा मोकळ्या राहिलेल्या असतात एवढंच.

चार लिटरांचं बिलही खोटंच होतं. माझ्या इंजिनात फिल्टरसकट तीन लिटरच्या आसपास ऑइल मावतं. मॅन्युअलच्या शेवटी हा आकडा असतो, ऑइलची ग्रेडही (किती घट्ट-पातळ ते) असते.

परत येऊन जाब विचारला तर मालक म्हणतो, "पोराकडून राहिलं असेल साहेब, फिल्टरचे पैसे घ्या." त्याच्या कागदांवर ‘एस्टिमेट’ छापलेलं, जीएसटी नंबर नाही. पण व्हॉट्सअ‍ॅपवर त्यानेच पाठवलेले हिशेब आणि यूपीआयच्या नोंदी माझ्याकडे होत्या. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, तक्रार नोंदवल्यावर ऑइल-फिल्टरचे बरेचसे पैसे परत आले. चेनचे मात्र द्यायला तयार नाही, "ती झिजतेच" म्हणतो. जिल्हा ग्राहक आयोगात जायचं की नाही, वकील मित्राशी बोलतोय.

सध्या सीलबंद कॅन स्वतः नेतो, प्लग समोर उघडायला लावतो, जुना फिल्टर हातात मागतो. रिकाम्या कॅनला भोक पाडूनच ठेवतो, कारण चांगल्या लेबलचे कॅन भेसळवाले विकत घेतात. नाशिकच्या सिग्नलांमधून गाडी एका खेपेला पाच-सहा किलोमीटरच फिरते, इंजिन नीट तापतच नाही. मॅन्युअल अशा वापराला खडतर वापर म्हणतं, म्हणून मी साडेसात हजारांनी बदलतो. एका मेकॅनिकला या अटी ऐकून राग आला. मी दुसरीकडे गेलो.