साधी सोनोग्राफी की फायब्रोस्कॅन?
आर्णीकडचे आमचे काकाजी, जुनी शुगर. डॉक्टर म्हणाले, यकृतात व्रण (फायब्रोसिस, म्हणजे जखम भरल्यावर राहतात तसे कडक वण) धरलेत का ते बघून घ्या. आता वेचणीच्या दिवसांत तालुक्याला सोनोग्राफी करावी की नागपूर गाठून फायब्रोस्कॅन, म्हणजे यकृताचा कडकपणा मोजणारी तपासणी?

खर्चात अन् खेट्यांत सोनोग्राफी सरस. पण तिच्यात दिसते ती चरबी, तीही बऱ्यापैकी साचल्यावर. व्रण सुरुवातीचे असले तर रिपोर्ट नॉर्मल येतो अन् माणूस निर्धास्त होतो. माझी खरी तक्रार हीच.

फायब्रोस्कॅनही ध्वनिलहरींवरच चालतो. बरगड्यांमधून हलका ठोका देऊन त्याची लहर यकृतातून किती वेगाने जाते ते मोजतो. यकृत कडक असेल तर ती जोरात पळते. कडकपणाचा आकडा ८ किलोपास्कलच्या (हे त्याचं माप) आत असला तर गंभीर व्रणांची शक्यता कमी. आधी ३ तास उपाशी राहायचं, नाहीतर आकडा फुगतो.

त्याआधी रक्त तपासा. वय, एएसटी, एएलटी (ही यकृताची एन्झाइम्स) अन् प्लेटलेटवरून फिब-४ हा व्रणांचा अंदाज देणारा आकडा निघतो. तो १.३ च्या खाली (पासष्टीनंतर २) असला तर नागपूरची घाई नको. वर गेला तर वेचणी राहू द्या, फायब्रोस्कॅन करा. पोटात पाणी किंवा गाठीची शंका असेल तर मात्र आधी सोनोग्राफीच.