यामाहा एमजी१०एक्सयू मिक्सर: नव्या बँडला पुरतो का?

शाळेतली चार-पाच पोरं बँड काढतात तेव्हा सगळा पैसा गिटार आणि ड्रमसेटवर जातो. मग १० बाय १२च्या खोलीत ड्रम सुरू झाले की गाणारा नुसता दिसतो, ऐकू येत नाही. गावात तासावर मिळणारी जॅमरूम नसेल, तर मिक्सर आणि निदान एक ॲक्टिव्ह (आतच अँप असलेला) स्पीकर घ्यावाच लागतो. या कामाला एमजी१०एक्सयू चांगला आहे, पण तो गाण्याच्या आवाजासाठी घ्यायचा. अख्खा बँड त्यात कोंबायला गेलात तर पस्तावाल.

चॅनेल १०, पण माइक लागतात चारच. बाकीचे स्टिरिओ लाइन चॅनेल कीबोर्डला किंवा मोबाइलवरच्या ट्रॅकला. दोन गायक, एक कोरसवाला आणि एखादा माइक बेस ड्रमपुढे, एवढ्यात हिशोब संपतो. ड्रमला पूर्ण माइक लावायचा विचार इथे करूच नका; तेवढ्या खोलीत गरजही नसते.

गेन, म्हणजे माइकचा आवाज आत किती वाढवून घ्यायचा ते, लावायची पद्धत अशी: चॅनेलची लेव्हल खुणेवर ठेवा, गायकाला गाण्यातला सगळ्यात चढा भाग गायला लावा आणि पीकचा लाल दिवा अधूनमधून लुकलुकेपर्यंत गेन चढवा. मग किंचित मागे घ्या. ‘चेक, चेक’ म्हणून गेन लावला की पहिल्याच कडव्यात आवाज फुटतो, कारण तसं कुणी गात नाही. गाण्याच्या माइकवर ८० हर्ट्‌झचा हाय-पास (त्याखालचे आवाज कापणारं बटण) दाबून ठेवा. स्टँडचे धक्के आणि बेसची घरघर जाते.

पहिल्या दोन चॅनेलवर एका बटणाचा कॉम्प्रेसर आहे; तो मोठा आणि हळू आवाज यातलं अंतर कमी करतो. नवखे तो उजवीकडे पिळतात, कारण आवाज लगेच भरीव वाटतो. पण तो हळू आवाजही वर उचलतो, आणि गायक गप्प झाला की माइक ड्रमच्या झांजांचा आणि स्पीकरचा आवाज ओढायला लागतो. शिट्टी तिथूनच सुरू होते. पाव वळणाच्या पुढे जाऊ नका. त्याआधी स्पीकरची जागा बघा: कार्डिऑइड (समोरचं ऐकणाऱ्या, मागचं टाळणाऱ्या) माइकची पाठ स्पीकरकडे हवी, म्हणजे स्पीकर गायकाच्या समोर, त्याच्याकडे तोंड करून. माइकची जाळी मुठीत धरून गायलं की दिसतं झकास, पण माइकचा मागून येणारा आवाज टाळण्याचा गुण जातो आणि तो सगळीकडून ऐकायला लागतो.

गिटार थेट लावू नका. लाइन इनपुट गिटारच्या साध्या पिकअपला (तारांखालच्या चुंबकाला) जड पडतो, आवाज मंद होतो. डिस्टॉर्शनचा पेडल मध्ये घातला तर डब्यात भुंगा कोंडल्यासारखं ऐकू येतं, कारण अँपच्या स्पीकरने वरचं कर्कश जे कापलं असतं ते इथे कापलंच जात नाही. गिटारला स्वतःचा अँप हवा. बॅटरीवाली अकूस्टिक चालते. बेस गिटारला डीआय बॉक्स (गिटारचा सिग्नल माइक इनपुटला जुळवून देणारी डबी) लावा.

आता खरी उणीव. ऑक्स (मुख्य मिक्सपासून वेगळा मिक्स बाहेर पाठवायचा मार्ग) एकच, आणि तोच इफेक्टलाही लागतो. गायकाला मॉनिटरमध्ये (त्याच्यासाठी ठेवलेल्या स्पीकरमध्ये) स्वतःचा आवाज जास्त आणि बाहेर वेगळा मिक्स, हे रिव्हर्ब (आवाजाला घुमारा देणारा इफेक्ट) चालू ठेवून जमत नाही. मॉनिटर आउट आहे, पण त्यातून मुख्य मिक्सच जातो. सरावाला ते खपून जातं. गणपतीत मंडपवाल्याच्या स्पीकरवर वाजवायचं असेल तर एमजी१२एक्सयू घ्या. त्यात सहा माइक आणि दोन ऑक्स आहेत, म्हणजे एक मॉनिटरला मोकळा राहतो. इफेक्ट २४ आहेत. कराओके एको सगळ्यांना आधी आवडतो; त्याला हात न लावता रूम रिव्हर्ब अगदी थोडा घ्या.

यूएसबी २४ बिट, १९२ किलोहर्ट्‌झचं, पण कॉम्प्युटरला जातो फक्त तयार स्टिरिओ मिक्स. नंतर गायकाचा आवाज वेगळा काढून वाढवता येणार नाही. शिवाय गिटार अँपवर आणि ड्रम उघडे वाजत असतील तर रेकॉर्डिंगमध्ये मुख्यतः गाणंच येईल! सरावाची नोंद हवी असेल तर खोलीच्या कोपऱ्यात ठेवलेला मोबाइल बरा.

४८ व्होल्टचं फँटम बटण केबलमधून वीज पुरवतं; ते ॲक्टिव्ह डीआय किंवा कंडेन्सर माइकलाच लागतं. ते दाबताना स्पीकर बंद ठेवा. चांगल्या केबलवर साध्या डायनॅमिक माइकला त्याने काही होत नाही, पण घरी झाळलेल्या, पिना एकमेकींना लागलेल्या केबलवर धोका असतो.

मिक्सरचा ॲडॅप्टर पीए-१०, त्याच्या खास प्लगचा. मोबाइलच्या दुकानातला ९ व्होल्टचा त्याला चालत नाही. स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर भुणभुण येऊ शकते. जुना घेत असाल तर ॲडॅप्टर सोबत आहे ना ते आधी बघा, मग प्रत्येक गेन आणि लेव्हल एकेक करून फिरवा. खरखर आली तर किंमत पाडून मागा. आणि वर्गणी काढून घेणार असाल तर पावती कुणाच्या नावावर, हे दुकानात जायच्या आधीच ठरवा.