नाना पेठेत ब्रेक ऑइल बदलून घेतलं, काम एक नंबर

बाईकच्या डिस्क ब्रेकचं काम असेल तर पुण्यात नाना पेठेत स्पेअर पार्टच्या दुकानांमागच्या बोळातलं हे छोटं गॅरेज मी बिनधास्त सांगेन. बोर्ड नीट दिसत नाही, एसी वेटिंग रूम वगैरे काही नाही, पण काम तुमच्या डोळ्यांसमोर होतं आणि पूर्ण होतं. याआधी एका मोठ्या सर्व्हिस सेंटरला गाडी दिलेली, बिलात ब्रेक ऑइल चेंज लावलं होतं आणि घरी येऊन मास्टर सिलेंडरच्या, म्हणजे हँडलवरच्या ब्रेक ऑइलच्या डबीच्या काचेतून बघतो तर आत तोच काळ्या चहासारखा रंग. ब्रेकच्या बाबतीत असं करणं मला अजिबात पटत नाही, इथे माणसाच्या जिवाचा प्रश्न असतो.

इथल्या काकांनी आधी टाकीवर ओलं फडकं टाकलं कारण हे ऑइल सांडलं की रंग खातं. मग मास्टर सिलेंडरचं झाकण उघडून जुनं ऑइल सिरिंजने ओढून घेतलं, आतला कप्पा पुसला आणि डॉट ४ (ब्रेक ऑइलचा ग्रेड) चा सीलबंद डबा माझ्यासमोर फोडला. कॅलिपरच्या (चाकाजवळ डिस्कवर पॅड दाबणारा भाग) निपलला, म्हणजे ऑइल बाहेर काढायच्या स्क्रूला पारदर्शक नळी लावून ब्लीडिंग सुरू, म्हणजे जुनं ऑइल आणि हवा बाहेर काढणं: लिव्हर दाबून धरायचा, निपल सैल, घाण ऑइल बाहेर, निपल टाइट आणि मगच लिव्हर सोडायचा. घाई नाही, वरचं ऑइल एकदाही तळाला जाऊ दिलं नाही, नाहीतर हवा आत जाते आणि परत पहिल्यापासून सुरुवात. नळीतून स्वच्छ ऑइल यायला लागलं तरी अजून थोडं काढलं. हे मला फार आवडलं.

पॅड पण काढून दाखवले, मटेरियल बाकी होतं म्हणून उगाच नवे विकले नाहीत. कॅलिपरच्या पिना जाम झालेल्या, त्या साफ करून ब्रेकचं ग्रीस लावलं, साधं ग्रीस लावलं तर आतले रबर फुगतात म्हणे. पिस्टन मागे ढकलायच्या आधी पुसून घेतला, हे पण बरेच जण करत नाहीत.

ज्यांना वाटतं की ब्रेक तर लागतोय मग ऑइल कशाला बदलायचं, त्यांनी हे लक्षात घ्या की हे ऑइल हवेतली ओल शोषत राहतं आणि आपल्याकडे चार महिने पाऊस. नवीन डॉट ४ ला उकळायला किमान २३० डिग्री लागतात, पण त्यात ३.७ टक्के पाणी शिरलं की तो आकडा १५५ पर्यंत येऊ शकतो. सिंहगडावरून डबल सीट उतरताना सारखा ब्रेक धरून ठेवला की कॅलिपर चांगलाच तापतो, ऑइल उकळलं की आत वाफ होते, वाफ दाबली जाते आणि लिव्हर सरळ मुठीला टेकतो. म्हणून गाडी कमी चालली असली तरी दोन वर्षांत बदलाच, आणि घाटात गिअर खाली ठेवून इंजिनवर गाडी उतरवा.

मी असताना एक मुलगा डॉट ५ टाका म्हणून आलेला, काकांनी सरळ नाही सांगितलं. ते सिलिकॉनचं असतं, डॉट ४ मध्ये मिसळत नाही, डॉट ५.१ वेगळं, ते सिलिकॉनचं नसतं. झाकणावर जे लिहिलंय तेच टाकायचं.

तक्रार एवढीच की संध्याकाळी खूप गर्दी, गाडी लावायला जागा नाही, तासभर उभं राहावं लागतं. अपॉइंटमेंट घेत नाहीत, वीकडेला सकाळी जा. एबीएसच्या (ब्रेक मारल्यावर चाक जाम होऊ न देणारी सिस्टिम) युनिटमध्ये हवा अडकली असेल तर त्याचं मशीन त्यांच्याकडे नाही, ते स्वतःच कंपनीत जायला सांगतात. ऑइल तुम्ही बाहेरून आणलं तरी टाकून देतात, फक्त डब्याचं सील फुटलेलं असेल तर हात लावत नाहीत.