बलुतं घेऊ का उपरा?

रंकाळ्यावर भेळ खाताना धाकटा चुलतभाऊ म्हणाला, पैसे एकाच पुस्तकाचे आहेत, कुठलं घेऊ? दोन्ही आत्मकथनं मी याच महिन्यात संपवली त्यामुळं सांगतो, कव्हरवर काय छापलंय ते सोडून दे. भाषेचं म्हणशील तर दया पवारांचं बलुतं (१९७८) सरळ वाचून होतं, दगडू (पवारांचंच मूळ नाव) दयाला, म्हणजे स्वतःलाच, आपली गोष्ट सांगतोय असं, आणि मुंबईतली ती कावाखान्याची वस्ती डोळ्यासमोरनं हलत नाही. लक्ष्मण मानेंच्या उपरामध्ये (१९८०) मी कैकाडी, म्हणजे त्यांच्या भटक्या जमातीच्या बोलीतल्या, शब्दांवर जाम अडखळलो, पण गाढवांवर बिऱ्हाड लादून गावोगाव फिरणं, कणग्या-टोपल्या विणणं, त्यात एकदा घुसलो ते रात्री दोनलाच लाईट बंद केली. परत वाचायला मात्र बलुतंच, कुठलंही पान उघड. शहर आणि स्वतःलाच उलटं विचारलेले प्रश्न हवे असतील तर ते घे, शाळेसाठी झगडणारं पोरगं बघायचं असेल तर उपरा.