‘कोर्टात केस टाकलीय’ असं सांगून पैसे उकळणाऱ्या इमिग्रेशन कन्सल्टंटपासून सावध राहा

न्यू जर्सीत राहणाऱ्या माझ्या धाकट्या बहिणीला एका इमिग्रेशन कन्सल्टंटने फसवलं. तो अजूनही आपल्याच मराठी मंडळींत गिऱ्हाइकं शोधतोय, म्हणून सगळं सविस्तर लिहितोय.

बहीण अमेरिकन नागरिक आहे. नवऱ्याच्या ग्रीन कार्डासाठी पहिली पायरी म्हणून तिने भरलेला आय-१३० अर्ज मंजूर झाला होता. पुढे इमिग्रेशन खात्याची नोटीस आली. नवऱ्याचं तिथलं आधीचं लग्न फक्त ग्रीन कार्डापुरतं होतं असा संशय आहे, त्यामुळे मंजुरी रद्द करण्याचा विचार आहे, तुमचं म्हणणं मांडा, असं त्यात होतं. ते लग्न खरंच संसाराचं होतं. भाडेकरार, जोडखातं, टॅक्सचे कागद, सगळं घरात फाइलला लावलेलं होतं. पण कन्सल्टंट म्हणाला, “ताई, नोटिशीला उत्तर देत बसू नका. सरळ फेडरल कोर्टात जाऊ, जज एका फटक्यात मंजुरी परत देईल.” मुदत टळली, मंजुरी रद्द झाली आणि याने ‘कोर्ट फी’ म्हणून साडेचार हजार डॉलर घेतले. फेडरल जिल्हा कोर्टात दिवाणी दावा दाखल करायची फी ४०५ डॉलर आहे.

त्याहून संताप येतो तो दुसऱ्या गोष्टीचा. असा दावा टिकणारच नव्हता. १० डिसेंबर २०२४ रोजी अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने ‘बुआर्फा विरुद्ध मायोर्कास’ खटल्यात एकमताने निकाल दिला. नवऱ्याचं आधीचं लग्न बनावट ठरवून मंजुरी काढून घेतल्याचंच ते प्रकरण होतं. न्यायमूर्ती केतांजी ब्राउन जॅक्सन यांनी निकालपत्रात लिहिलं की दिलेली मंजुरी रद्द करणं कायद्याने खात्याच्या मर्जीवर सोडलंय, आणि अशा मर्जीच्या निर्णयात जिल्हा कोर्टाला हात घालता येत नाही. अर्ज मुळातच या कारणावरून फेटाळला गेला असेल, तर मात्र कोर्टाचं दार उघडं असतं. नवा अर्ज करता येतो, तो नाकारला गेला तर त्यावर दाद मागता येते. म्हणजे आमच्यासाठी खरी लढाई नोटिशीच्या उत्तरातच होती, आणि ती या माणसाने लढूच दिली नाही. अर्ज नुसता वर्षानुवर्षं पडून असेल तर ‘निर्णय द्या’ म्हणून करायचा मॅण्डमस दावा वेगळा. हे लोक दोन्हींची मुद्दाम सरमिसळ करतात.

चोरी पकडली गेली ती नंबरावरून. ‘केस नंबर’ म्हणून त्याने जो कागद दिला, त्यावर आयओई ही तीन अक्षरं आणि पुढे दहा आकडे होते. हा तर इमिग्रेशन खात्याच्या पावतीचा नंबर! बहिणीच्या जुन्या मंजुरीपत्रावर कोपऱ्यात हाच छापलेला होता, आकडा न् आकडा तोच. फेडरल कोर्टाच्या दिवाणी खटल्याच्या नंबरात साल आणि मध्ये ‘सीव्ही’ असतं. पेसर या कोर्टाच्या संकेतस्थळावर खातं उघडून आम्ही बहिणीच्या नावाने शोधलं. दावा दाखलच झाला नव्हता. पेसरवर पानाला दहा सेंट पडतात, आणि तिमाहीचं बिल ३० डॉलरच्या आत राहिलं तर तेही माफ होतं.

हा माणूस वकील नव्हताच. भिंतीवर नोटरीचं प्रमाणपत्र होतं. आपल्याकडे नोटरी बहुधा वकीलच असतो, त्यामुळे लोक तिथेच फसतात. अमेरिकेत नोटरीला कायद्याचा सल्ला द्यायचा अधिकार नाही. इमिग्रेशनचा सल्ला परवानाधारक वकील किंवा न्याय खात्याने मान्यता दिलेला प्रतिनिधीच देऊ शकतो. वकिलाचा परवाना राज्याच्या बारकडे तपासता येतो, मान्यताप्राप्त प्रतिनिधींची यादी न्याय खात्याच्या संकेतस्थळावर असते.

आता खऱ्या वकिलामार्फत, आधीच्या लग्नाचे सगळे पुरावे जोडून नवा अर्ज भरलाय. राज्याच्या ॲटर्नी जनरलकडे तक्रारही केलीय. पैसे परत आलेले नाहीत. तुमच्या हातात असा ‘केस नंबर’ असेल तर आजच पेसरवर बघा. आणि मंजुरी रद्द करण्याची नोटीस आली असेल, तर वकिलाला फोन केल्यावर सगळ्यात आधी तीवरची शेवटची तारीख सांगा.