रोजचा कट्टा की महिन्याची सहल?

नुकत्याच निवृत्त झालेल्या एका मावशींना प्रश्न पडलाय: ज्येष्ठांच्या रोजच्या कट्ट्यावर जावं की महिन्याच्या सहलीत नाव घालावं? खर्चाचं सोपं आहे. कट्टा जवळजवळ फुकट, सहलीला गाडीभाडं आणि जेवण आलंच.

दगदग मात्र नीट बघा. बसची उंच पायरी, लांबचं स्वच्छतागृह, इतरांच्या वेगाने चालणं; गुडघे दुखत असतील तर निम्मा आनंद तिथेच संपतो. कट्ट्यावरून केव्हाही उठून घरी येता येतं. शिवाय दोन दिवस दिसला नाहीत तर कुणीतरी फोन करतं. माझ्या मते हे सगळ्यात मोलाचं. नवं बघायला मिळणं यात सहल सरस.

एकटे राहत असाल तर कट्टाच धरा. घर भरलेलं असेल, पाय धड असतील आणि त्याच त्या गप्पांचा कंटाळा येत असेल, तर सहल.